सुट्टीचे साठ दिवस

नारायणगावच्या एसटी स्टँडवर एखादा जवान उतरला की चहावाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना ते कळते. बारीक कापलेले केस, पाठीवर हिरवी बॅग आणि अजूनही कित्येकांच्या हातात ती काळी पत्र्याची पेटी, पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेली. ‘काय मेजर, किती दिवस सुट्टी?’ असे कोणीतरी विचारतेच. शिपाई असो, नाईक असो की हवालदार, आमच्या जुन्नर-आंबेगावकडे फौजेतला प्रत्येक माणूस मेजरच. हा मान कोणी मागून घेतलेला नसतो. गाव तो आपणहून देते, आणि द्यावाच. फक्त त्या मेजरच्या घरात पुढचे दिवस कसे जातात, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

जवानाला वर्षाकाठी साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची किरकोळ रजा असते. ती एकदम पदरात पडत नाही. युनिटच्या सोयीने, तुकड्यातुकड्यांनी मिळते. बहुतेक घरांत हे दिवस म्हणजे दिवाळीच. रखडलेली जमिनीची मोजणी, बंद पडलेली बोअरची मोटर, धाकट्या बहिणीचे लग्न, सगळे त्यातच उरकायचे असते. माझे वडील फौजीच होते. त्यांच्या येण्याचे दिवस आम्ही भावंडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून मोजायचो. पुढे जे लिहिते आहे ते फौजेवरच्या रागाने नव्हे, हे त्यासाठीच आधी सांगून ठेवते.

दिवस मोजण्याची दुसरीही एक रीत असते. ती मला कळली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाल्यावर. बदल्यांच्या निमित्ताने दोन्ही तालुके पायाखालून गेले. आधी ओतूरच्या बाजूला, मग डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, शेवटी मंचरजवळ. वर्ष अर्धे सरले असताना एखादी आई मुलाचा दाखला मागायला येते. कारण विचारले की म्हणते, ‘बाई, आजोळी घालायचाय.’ बापाची सही हवी म्हटले की खाली बघते. अशा किती तरी आया मी पाहिल्या. त्यांतल्या काहींचे नवरे जम्मूला, आसामला किंवा राजस्थानात होते आणि नुकतेच सुट्टी संपवून परत गेलेले होते. दाखला हा कागद तसा किरकोळ, पण बाई सासर सोडते आहे याची गावातली पहिली नोंद बहुधा शाळेच्या रजिस्टरात होते. (शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. त्याप्रमाणे दाखला नाही म्हणून मुलाला दुसऱ्या शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. ही गोष्ट आजही अनेक आयांना माहीत नसते, आणि खेदाची गोष्ट म्हणजे काही मुख्याध्यापकांनाही नसते.)

त्यांच्यापैकी दोघी-तिघींबरोबर पुढे मी कोर्टाच्या पायऱ्या चढले. त्यांची नावे इथे देत नाही. ओळख पटू नये म्हणून गावे आणि काही तपशीलही बदलले आहेत.

पहिली आंबेगावच्या डोंगरी भागातली, बारावी झालेली. दिली जुन्नरच्या बागायती पट्ट्यात. नवरा तोफखान्यात. घरी सासू, सासरे, दोन मुले आणि दीड एकराचा तुकडा. टोमॅटो, कांदा, जमले तर कोबी. आमच्याकडे शेतीची वीज कित्येकदा रात्री येते आणि बिबट्याही रात्रीच हिंडतो. ही बाई हातात बॅटरी आणि काठी घेऊन एकटी पाणी भरायला जायची. पगार नवऱ्याच्या खात्यावर, कार्ड सासऱ्यांच्या खिशात. रोज संध्याकाळी फोन यायचा. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटला किती भाव मिळाला, औषधाला किती गेले, दुपारी फोन अकरा मिनिटे कशाने लागत नव्हता, घरी कोण आले होते. पूर्वी असले प्रश्न आंतरदेशीय पत्रातून यायचे. त्यांना उत्तर द्यायला निदान आठवडाभराची उसंत असायची. आता व्हिडिओ कॉलवर उजेड लावून खोली दाखवावी लागते.

सहा महिने साठलेल्या या संशयाचा हिशेब सुट्टीत चुकता व्हायचा. पहिले दोन दिवस बरे जायचे. तिसऱ्या दिवसापासून पट्टा. एका सुट्टीत मनगट मोडले. दवाखान्यात तिने सांगितले, ‘गोठ्यात पाय घसरला.’ डॉक्टरांनी प्लास्टर घातले आणि पुढचा पेशंट बोलावला. मग एकदा ती पोलिस ठाण्यात गेली. तिथे एक पोक्त हवालदार तिला समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘ताई, फौजी माणूस आहे. तिकडे बर्फात उभा राहतो. चार दिवस घरी आलाय, घ्या सांभाळून.’ त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हते. त्याला खरोखरच तसे वाटत होते, आणि अडचण नेमकी तीच आहे.

फौजी इतरांपेक्षा बायकांना जास्त मारतात, असे माझे म्हणणे नाही. तसे म्हणायला आधार नाही. राष्ट्रीय पाहणीचे आकडे फौजींची घरे वेगळी काढून दाखवत नाहीत. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चौघींत एकीने नवऱ्याकडून मारहाण किंवा जबरदस्ती सोसल्याचे सांगितले. देशभरात हे प्रमाण सुमारे २९ टक्के होते. यात मास्तर आले, बागायतदार आले, कारखान्यातले कामगार आले, डॉक्टरही आले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या निघाल्या फक्त १४ टक्के. बाकीच्यांनी दाराला आतून कडी लावून घेतली.

फौजीच्या घरात या कडीला आणखी दोन-तीन कुलपे असतात, एवढेच माझे म्हणणे आहे. एक म्हणजे गावातला मान. देशासाठी उभ्या असलेल्या माणसाविरुद्ध बोलायचे म्हणजे जणू देशाविरुद्धच बोलायचे. दुसरे म्हणजे अंतर. आरोपी दोन हजार किलोमीटरवर, समन्स कोणावर बजावायचे? तिसरे कुलूप सगळ्यांत जड, आणि ते बहुतेकदा बाई स्वतःच लावून घेते. ते म्हणजे ‘तक्रार केली तर त्यांची नोकरी जाईल.’ सासू हेच म्हणते, भावकी हेच म्हणते, आणि माहेरचा भाऊसुद्धा रात्री अंगणात बसून हेच म्हणतो. नोकरी गेली तर पोरांचे काय, पेन्शनचे काय? मार थांबावा आणि घरखर्चाचे पैसे वेळेवर यावेत, एवढीच तिची मागणी असते. नवऱ्याला बुडवायला ती निघालेलीच नसते.

वर्दीचा दबदबा काय असतो हे मुंबईने १९५९ साली पाहिले आहे. नौदलातले कमांडर नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. नौदलाच्या पांढऱ्या गणवेशात, पदके लावून ते कोर्टात उभे राहिले आणि वृत्तपत्रांनी त्यांना नायक करून टाकले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष ठरवले. पुढे उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि शेवटी १९६४ साली राज्यपालांनी माफी दिली. तो खटला बायकोला मारण्याचा नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण त्या सगळ्या गदारोळात सिल्व्हिया नावाच्या बाईला स्वतः काय वाटत होते, याची फारशी विचारपूस कोणी केली नाही. गणवेश समोर उभा राहिला की आपली नजर तिथेच खिळते. शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे ती वळतच नाही.

मारहाणीची कारणे सांगताना ताणाचा मुद्दा हमखास निघतो. सीमेवरचा ताण खरा आहे. झोप नाही, घर दूर, सोबतचा माणूस डोळ्यांदेखत गेलेला. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या मनावर काय ओरखडे राहतात, याचा अभ्यास अमेरिकेत बराच झाला आहे आणि मनाच्या त्या दुखण्याचा घरातल्या हिंसेशी संबंधही दिसला आहे. त्यावर उपचार झालेच पाहिजेत. पण मला एक साधा प्रश्न पडतो. त्या ताणातही हा माणूस आपल्या सुभेदारावर हात उचलत नाही. रेल्वेत टीसीवर उचलत नाही. हात उठतो तो नारायणगावला उतरून, पेटी ओट्यावर ठेवून, दार लावल्यावर. मग ताणाला माणसे ओळखता येतात म्हणायचे की काय?

रमचे म्हणाल तर तो एक वेगळाच गमतीचा भाग आहे. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला कौल दिला तर दारूचे दुकान बंद होते. बायकांनी ते अनेक गावांत करून दाखवले. पण कँटीनच्या बाटलीवर मतदान होत नाही. ती सवलतीत येते, आणि काही घरांत भावकीला ‘आपल्या बाजूला’ ठेवण्याच्या कामीही येते.

दुसरी बाई वयाने मोठी, आंबेगावच्या पूर्वेकडची. तिचा नवरा अडतिसाव्या वर्षी हवालदार म्हणून निवृत्त झाला. फौजेतला शिपाई पंधरा-सतरा वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन घेऊन घरी येतो, तेव्हा तो ऐन उमेदीत असतो. तोवर बाईने सतरा वर्षे घर चालवलेले असते. उसाची नोंद कारखान्यात तिने केलेली, सोसायटीचे कर्ज तिने फेडलेले, बचत गटाचे पुस्तक तिच्या हाती. नवरा चाकणला एका कंपनीत सुरक्षा रक्षक म्हणून लागला आणि घरी हुकूम चालवू लागला. जेवण किती वाजता, चपला कुठे ठेवायच्या, बैठकीला जायचे नाही. हा माणूस दारूला शिवत नव्हता, हे मुद्दाम सांगते. दारू सुटली की सगळे सुटते असे समजणाऱ्यांसाठी. मारहाण वर्षातून दोन-चार वेळाच व्हायची. पण भिंतीवर बंदूक टांगलेली होती. निवृत्तीनंतर रखवालीच्या कामासाठी अनेक माजी सैनिक रीतसर परवाना काढून बंदूक घेतात, तशीच ही. भांडण झाले की तो ती खाली काढून शांतपणे पुसत बसायचा. तेवढे पुरत असे.

ती मला एकदा म्हणाली, ‘निवडणूक आली की सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेतात ना, तेवढे दिवस मला झोप लागते, बाई.’ इतकी वर्षे मी मतदान केंद्रावर ड्यूटी केली, पण आचारसंहितेचा हा उपयोग मला कोणी शिकवला नव्हता. तिला घटस्फोट नको होता. घरही सोडायचे नव्हते. फक्त ती बंदूक घरातून जायला हवी होती. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणावरून तो निलंबित किंवा रद्द करता येतो. शस्त्र कायद्यात तशी तरतूद आहे. तिने जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पोलिसांकडे अर्ज दिला. सोबत संरक्षण आदेशासाठी कोर्टातही अर्ज केला. बंदूक जमा झाली. अमेरिकेत १९९६ पासून कायदाच आहे की, घरच्या माणसाला मारहाण केल्याबद्दल शिक्षा झालेल्याला बंदूक बाळगता येत नाही, आणि त्यातून सैनिक आणि पोलिस यांनाही सूट नाही. आपल्याकडे असा थेट नियम झाला तर बरे होईल, असे माझे मत आहे.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे, तर तिथली एक घटना सांगते. उत्तर कॅरोलिना राज्यातल्या फोर्ट ब्रॅग या तळावर २००२ च्या उन्हाळ्यात सहा आठवड्यांच्या आत चार सैनिकांनी आपापल्या पत्नीचा खून केला. त्यांतले तिघे अफगाणिस्तानात जाऊन आलेले होते. देश हादरला. नवऱ्याचे करिअर बुडेल या भीतीने बायका गप्प राहतात, ही गोष्ट तेव्हा तिथेही मोठ्या आवाजात बोलली गेली. हिंसेमुळे नवऱ्याला सैन्यातून काढले तर बायको-मुलांना काही काळ भत्ता मिळण्याची सोय तिथे १९९० च्या दशकातच झाली होती. २०१९ पासून तिथल्या लष्करी कायद्यात कौटुंबिक हिंसा हा स्वतंत्र गुन्हा झाला. आपल्या १९५० च्या सेना कायद्यात या नावाचा वेगळा गुन्हा नाही.

मात्र आपल्याकडे काहीच नाही, असे समजून बाया हातपाय गाळतात, ते बरोबर नाही. कायदा काय सांगतो ते थोडे विस्ताराने लिहिते, कारण हेच आम्हांला सगळ्यांत उशिरा कळले.

सेना कायद्याच्या २८ व्या कलमाने जवानाच्या पगारावर कोर्टाची थेट जप्ती येत नाही. वकील हे सांगतात आणि बाई घाबरते. पण त्याच कायद्याची ९० आणि ९१ ही कलमे आहेत. अधिकारी किंवा जवान बायकोला, मुलांना पोसत नसेल तर लष्कर स्वतःच त्याच्या पगारातून रक्कम कापून तिला देऊ शकते. त्यासाठी २००१ सालचा एक सेना आदेश आहे. त्याप्रमाणे पत्नीने अर्ज करायचा तो नवऱ्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे. नवऱ्याला कारणे दाखवा नोटीस जाते, चौकशी होते आणि वरिष्ठ पातळीवर निर्णय होतो. बायको-मुलांची मिळून ही कपात पगार आणि भत्त्यांच्या ३३ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. वेळ लागतो, स्मरणपत्रे लिहावी लागतात, पण रक्कम सुरू झाली की ती पगारातूनच येते. नवऱ्याच्या मर्जीवर राहत नाही.

अडचण इथे येते की बायकांना नवऱ्याचा नंबरच ठाऊक नसतो. युनिट कुठले, पत्ता काय, विचारले की सांगतात, ‘ते काश्मीरला असत्यात.’ म्हणून आता लग्न ठरलेल्या मुलींच्या आयांना मी बिनदिक्कत सांगते: जावयाचा सर्व्हिस नंबर, हुद्दा, युनिट आणि रेकॉर्ड ऑफिस लिहून घ्या. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, तोफखाना असेल तर नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्स असेल तर खडकी, महार रेजिमेंट असेल तर मध्य प्रदेशातले सागर. लग्नानंतर लष्करी नोंदीत, पार्ट टू ऑर्डर म्हणतात त्यात, मुलीचे नाव चढले की नाही ते विचारा. मुलाकडचे थोडे चिडतील. चिडू देत. पेन्शनपासून दवाखान्यापर्यंत सगळे त्या एका नोंदीवर उभे असते.

दुसरा रस्ता नागरी. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो फौजीलाही लागू आहे. अर्ज सासरच्या कोर्टातच करावा लागतो असे नाही. बाई तात्पुरती जिथे राहते आहे तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही करता येतो. जुन्नरला दिलेल्या मुलीला घोडेगावच्या कोर्टात दाद मागता येते, ती याच्याच जोरावर. संरक्षण, राहायची जागा, खर्चाची रक्कम, मुलांचा ताबा, भरपाई हे सगळे एकाच अर्जात मागता येते आणि अंतरिम आदेशही मिळतो. वकील सरकारी खर्चाने मिळतो. स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. या अर्जाने नवऱ्याला लगेच अटक होत नाही. कोर्टाचा संरक्षण आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा होतो. ‘नोकरी जाईल’ म्हणणाऱ्या भावकीला हा फरक समजावून सांगावा लागतो. छळाची फौजदारी तक्रार हा वेगळा, कडक मार्ग. १९८३ साली आलेले ४९८ अ हे कलम जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या क्रमांकांनी आले आहे. तीही तक्रार माहेरच्या ठाण्यात करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे.

निवृत्त झालेल्यांचे काय, असे विचाराल. पेन्शनला जप्तीपासून संरक्षण देणारा कायदा तर १८७१ सालचा आहे. पण पत्नीच्या पोटगीच्या आड ते संरक्षण येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिलेला आहे.

हे सगळे कागदावर झाले. प्रत्यक्षात बाईला आधी लागते ते माणूस. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडाचा मृत्यू झाला, तेव्हा नारी समता मंचाच्या विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेले. घरातले बाहेर बोलायचे असते, हे पुण्याच्या आसपासच्या अनेकींना तिथून कळले. आमच्या शेजारी राजगुरुनगरला ‘चैतन्य’ने १९८९ पासून बचत गट बांधायला सुरुवात केली. गट पैशांचे असतात हे खरे, पण पन्नास रुपये भरायला आलेली बाई दोन महिन्यांनी हळूच दंड दाखवते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००१ साली ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले. तिथे जखमेवर पट्टी बांधणारीच नीट विचारते, ‘हे कशाने झाले?’ तसे विचारणारे कोणी आपल्या ग्रामीण रुग्णालयांत असते, तर ते मनगट गोठ्यात घसरून मोडले नसते.

तंटामुक्ती समित्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. २००७ साली ही मोहीम सुरू झाली तेव्हा बांधाची आणि वाटेची भांडणे तिने पुष्कळ मिटवली. त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण नवरा-बायकोचे प्रकरण समितीपुढे आले की ‘तंटा मिटला’ याचा अर्थ बाई परत नांदायला गेली, एवढाच व्हायचा. फौजीच्या बाबतीत तर समितीत एखादे माजी सैनिक असतातच. तेही भले असतात. ‘मी समजावतो त्याला,’ म्हणतात. त्यांनी समजावल्याने काही ठिकाणी फरक पडलेलाही मी पाहिला आहे. नवा माणूस जुन्या सुभेदाराचे ऐकतो. पण त्याची लेखी नोंद नसते आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा पहिला पाढा.

फॅमिली क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या बायकांची गोष्ट आणखी निराळी. आमच्या शाळेतलीच एक माजी विद्यार्थिनी नवऱ्याबरोबर उत्तरेत होती. भाषा येत नव्हती, बाजार माहीत नव्हता, क्वार्टर नवऱ्याच्या नावावर. तिथे महिलांच्या वेल्फेअर मीटिंगा होतात. जवानांच्या पत्नींच्या अडचणी ऐकण्यासाठी लष्करी पत्नींची ‘आवा’ ही संघटना १९६६ पासून काम करते आहे. पण मीटिंगला खुर्चीवर असतात नवऱ्याच्या साहेबांच्या पत्नी. त्यांच्यापुढे तोंड उघडायचे म्हणजे नवऱ्याच्या साहेबापुढेच उघडायचे. तिने सहा महिने लावले. शेवटी बोलली, आणि त्या बाईंनी तिला चांगले सांभाळून घेतले. नवऱ्याला साहेबांनी बोलावून तंबी दिली, समुपदेशनाला पाठवले. तिचे बरे चालले आहे. असे सगळ्यांचे होईल, याची हमी मात्र कोणी देऊ नये. एखाद्या भल्या साहेबावर आणि त्याच्या भल्या पत्नीवर अवलंबून असलेली व्यवस्था त्यांची बदली झाली की संपते.

आणि नवरा गेल्यावरही हे संपत नाही. वीरपत्नीच्या खात्यावर पैसे आले की घरातल्यांची नजर फिरते, दिराशी पाट लावायची बोलणी सुरू होतात. यात सरकारी नियमांचाही हात होता. शौर्यपदकाचा भत्ता पुनर्विवाहानंतर चालू ठेवायचा तर विधवेने दिवंगत पतीच्या भावाशीच लग्न केले पाहिजे, अशी अट चक्क नोव्हेंबर २०१७ पर्यंत होती. ती काढली तेव्हा आमच्याकडे एका म्हाताऱ्या आजीने विचारले, ‘म्हंजे इतकी वर्सं ते पैसं बाईचं नव्हतंच का?’

कोणाला आधार द्यायचा झाला तर काय करावे, असे मला शेजारणी विचारतात. मी म्हणते, तिला आधी ‘तू काय केलंस?’ असे विचारू नका. आणि ‘सोडून ये’ असेही लगेच म्हणू नका. सुटायचे कधी हे तिचे तिला जास्त कळते, कारण त्याच्या सुट्टीच्या तारखा तिला पाठ असतात. एका प्लास्टिकच्या पिशवीत मुलांचे आणि तिचे आधार कार्ड, लग्नाचा फोटो, नवऱ्याचा नंबर लिहिलेला कागद, दवाखान्याचे केसपेपर ठेवायला सांगा आणि ती पिशवी तुमच्या घरी ठेवून घ्या. तिच्या एकटीच्या नावावर बँकेत खाते उघडून द्या. १८१ हा महिलांसाठीचा आणि ११२ हा तातडीचा नंबर तिच्या फोनमध्ये भलत्याच नावाने साठवा, कारण तो फोन तपासला जातो. कोर्टाच्या तारखेला सोबत जा. घोडेगावच्या कोर्टाबाहेर एकट्या बाईला दिवसभर बसवत नाही. दोघी असल्या की डबा तरी खाल्ला जातो.

पहिल्या बाईचे पुढे काय झाले ते राहिले. मनगटाचे प्लास्टर निघाल्यावर पुढच्या सुट्टीच्या आठ दिवस आधी ती मुलांना घेऊन माहेरी आली. संरक्षण अधिकाऱ्याकडे नोंद केली, कोर्टात अर्ज झाला. समन्स युनिटमार्फत पाठवले गेले. विशेष किंवा युद्धसदृश परिस्थितीत नेमणूक असलेल्या सैनिकाविरुद्धचा दिवाणी दावा पुढे ढकलण्यासाठी १९२५ सालचा एक कायदा आहे. सासरच्या वकिलांनी तो पुढे केला. पण हा दावा पोटापाण्याचा आहे, असे आमच्या वकीलबाईंनी नेटाने मांडले. अंतरिम रकमेचा आदेश झाला. त्याची प्रत जोडून तिने कमांडिंग ऑफिसरला अर्ज लिहिला. मसुदा मी करून दिला, अक्षर तिचे. तीन स्मरणपत्रे गेली. अकराव्या महिन्यात तिच्या खात्यावर पहिली रक्कम आली, तेव्हा ती मंचरच्या बँकेच्या पायरीवर बसून पासबुकातली ती एक ओळ कितीतरी वेळ बघत होती. नवरा दोन तारखांना आला, एकदा गणवेशात. दंडाधिकारी बाईंनी त्याला एवढेच सांगितले की इथे साधे कपडेही चालतात.

मुले आता इकडच्या शाळेत आहेत. मोठ्याला फौजेत जायचे आहे. ती नाही म्हणत नाही. टोमॅटोचा तो दीड एकर सासरे वाट्याने लावतात. घरातल्या दोन खोल्यांच्या हक्काचा मुद्दा अजून लोंबकळत आहे; पुढची तारीख पोळ्यानंतरची पडली आहे.